दारात उभं राहून सांगायची बातमी

पप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा इस्पितळातून पहिला फोन मला आला, आणि ती बातमी घेऊन येरुहाममध्ये दारोदार जायला कोणीच नव्हतं, कारण ते काम करणारे तुम्हीच होतात. इथे इस्रायलात माणूस गेला की त्याच दिवशी पुरतात, हे तुम्हाला काय सांगायचं. काळ्या चौकटीचे कागद भिंतींवर नि दिव्याच्या खांबांवर लागले, पण ते हिब्रूत. आपल्या बिल्डिंगीतल्या ज्या म्हाताऱ्यांना हिब्रू अक्षर लागत नव्हतं, त्या कागदाखालून भाजीला गेल्या नि परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक जण आईजवळ जमिनीवर बसून रडत म्हणाली, "त्यांनी येऊन सांगितलं असतं तर आलो असतो गं." मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. आई हसली. सुतकाच्या सात दिवसांत ती तेवढीच हसली.

तुमचं ते जाणं मला अजून दिसतं. कारखान्यातून येता, तोंड धुता, कामाच्या सपाता काढून काळे बूट घालता. आई म्हणते, "चहा तरी घ्या." तुम्ही म्हणता, "आल्यावर." आधी तुम्ही मेलेल्या माणसाच्या घरी जायचात. घरच्याच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचात: कधी, कुठे, जवळ कोण होतं. मगच बाकीच्या दारांवर. दार उघडलं की आत जायचं नाही, बसायचं नाही. एकाच वाक्यात सांगायचं, आडवळण घ्यायचं नाही. नंतर जागा, वेळ, जवळ कोण होतं ते. समोरच्या माणसाला पाणी द्यायला लावायचं नि स्वतः मात्र घोटभरही घ्यायचं नाही. बायका तुमच्या पायांकडे बघायच्या. सपाता असल्या तर "या ना, बसा ना," आणि काळे बूट असले तर हातातलं काम तिथेच थांबायचं. आई म्हणायची, "एक दिवस लोक तुम्हाला बघून दारं लावतील." तुम्ही म्हणालात, "लावू देत. मी बाहेरून सांगेन."

आणि तो शुक्रवार. माझं लग्न झालं होतं, बेरशेवाच्या शाळेत ऑफिसात लागले होते, आणि शब्बाथच्या सुट्टीला घरी येत होते. बसमध्ये सगळे बोलत होते की शेजारच्या ब्लॉकमधले काका सकाळी इस्पितळात वारले. जिना चढताना खालच्या काकू भेटल्या, त्यांना मी सांगून टाकलं. त्यांनी तिथेच जिन्यावर मोठ्याने गळा काढला. वरून तुम्ही खाली आलात, बनियनवर. काकूंना आत नेलंत, मला वर घेऊन आलात, दार लावलंत.

"कोणी सांगितलं तुला?"

"बसमध्ये सगळे बोलत होते."

"सगळे म्हणजे कोण?"

मी म्हटलं, "पण खरं होतं ना, पप्पा?"

"खरं असलं म्हणून काय झालं?" तुम्ही म्हणालात. "त्याची बायको घरी आहे का, तिला कळलंय का, काय माहीत होतं तुला? न्यूज पसरवायला कोणी पण चालतं. पोचवायला जावं लागतं." एवढं बोलून तुम्ही बूट शोधायला लागलात. मला तेव्हा राग आला होता. एवढं काय, असं वाटलं होतं. माणूस गेला होता, मी गेला म्हटलं.

आता तुम्हाला सांगायला हवं की मी काय करते. कॉम्प्युटरवर एक जागा असते, तिला ब्लॉग म्हणतात. भिंतच समजा. मी इथे बेरशेवात बसून तिच्यावर कागद चिकटवते आणि अश्दोद, लोद, दिमोना, किर्यात मलाखी, कुठलाही माणूस आपल्या घरात बसून तो वाचतो. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी माझ्या मुलीने मला ती करून दिली. म्हणाली, "इमा, तू सारखी येरुहामच्या गोष्टी सांगतेस, लिही." मी लिहायला लागले. मलिद्याला पोहे कसे भिजवायचे, कारखान्याची बस, म्हाताऱ्या सिनेगॉगला मशीद म्हणायच्या ते. वर हिब्रूत, खाली दोन ओळी मराठीत, तुम्ही कॅलेंडरावरून शिकवलेल्या अक्षरांत. दहा-बारा जण वाचायचे. मग आपल्या ओळखीतलं एक जण गेलं आणि दिमोनाच्या एका बाईने खाली लिहिलं की आम्हाला कळलंच नाही, लेविया चुकली, पुरायला पोचता आलं नाही, शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी गेलं तेव्हा मी लगेच टाकलं: नाव, कबरस्तान, वेळ. त्या दिवशी जेवढे लोक माझ्या पानावर आले तेवढे मलिद्याच्या लेखाला वर्षभरात आले नव्हते.

मग तेच होत गेलं. लोक आपणहून फोन करायला लागले. कोणी गेल्याची कुजबुज झाली की एकमेकांना विचारायचे, "ब्लॉगवर आलं का?" नाही आलं तर अजून जिवंत आहे. लोदच्या सिनेगॉगमधून एकाने फोन करून विचारलं की अमक्यांसाठी प्रार्थना म्हणायची ती बरं होण्याची की गेलेल्याची, कारण घरचे फोन उचलत नाहीत नि तुमच्याकडे काही दिसत नाही. दोन भाऊ आपला बाप मूळचा पेणचा की रोह्याचा यावर भांडले, आणि मी पेण लिहिलं होतं म्हणून धाकटा गप्प बसला. मला पेण कोणी सांगितलं होतं? थोरल्यानेच. सिनेगॉगमध्ये बायका मला बसायला जागा करून द्यायला लागल्या. कोणी ओळख करून दिली की म्हणायचे, "ही लिहिते ती." मला आवडायचं, पप्पा. का नाही आवडणार? ऑफिसात मी हजेरी लावणारी नि फोटोकॉपी काढणारी बाई होते.

एकदा बेरशेवाच्या बाजारात मी एका बाईला कोथिंबिरीचा भाव करताना बघितलं. दोन आठवड्यांपूर्वी मीच ती गेल्याचं टाकलं होतं. तीच पांढरी वेणी, तोच डावा खांदा उतरलेला. माझ्या हातातल्या पिशव्या जड झाल्या. मी तिच्यामागे चालत गेले, मासळीच्या गल्लीतून, कपड्यांच्या गल्लीतून. तिला हाक मारायची तर कुठल्या नावाने मारणार? शेवटी बस स्टेशनच्या दारात तिने वळून बघितलं आणि मराठीत विचारलं, "काय गं, ओळखतेस का मला?" ती गेलेल्या बाईची पाठची बहीण होती, नंतर कळलं. अफुल्याहून आली होती. मी म्हटलं, ओळखत नाही. ती गेल्यावर मी बाकावर बसले आणि मनात एकेक नाव घ्यायला लागले, मी लिहिलेलं. त्यांतल्या एकाच्याही घरी मी गेले नव्हते. फोन आला, मी लिहिलं. त्या दिवसापासून ब्लॉगवर टाकायचं बटण दाबायला हात नेला की तुम्ही मागे दारात उभे आहात असं वाटतं. काही बोलत नाही. बसा म्हटलं तर तुम्ही बसणार नाही, म्हणून मी म्हणत नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, खुर्ची भिंतीकडे पाठ करून ठेव. ठेवली. तरी वाटायचं.

मग किर्यात मलाखीचं झालं. तुम्हाला त्या मावशी आठवतात? आपल्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर होत्या, कारखान्यात तुमच्याच पाळीला त्यांचा नवरा होता. तो गेला तेव्हा तुम्हीच त्यांच्या दारात गेला होतात. नंतर त्या थोरल्या मुलाकडे किर्यात मलाखीला राहायला गेल्या. त्या थोरल्याचा मला फोन आला. धाकटा भाऊ एलातमध्ये हॉटेलात कामाला होता, हृदय बंद पडून गेला. तिकडेच पुरला, तिकडेच बायकोच्या घरी सात दिवस बसले. "आईला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "तिचं हार्ट वीक आहे, डॉक्टर म्हणतो धक्का नको. आम्ही सांगितलंय की तो ग्रीसला कामाला गेलाय. दर शुक्रवारी माझी मुलगी तिला तुझा ब्लॉग वाचून दाखवते. तेव्हा प्लीज, टाकू नकोस." मी म्हटलं, बरं. काय बोलणार? घरच्या माणसाने सांगितलं होतं. तुमचा नियमच पाळला असं मी स्वतःला समजावलं.

पण लोकांना कळत होतंच. खाली कोणी कोणी लिहायचे, एलातचं खरं का? मी ते पुसून टाकायचे. पुन्हा यायचं, पुन्हा पुसायचे. कोणी फोन केला तर म्हणायचे, माझ्याकडे काही नाही. आणि लोक मानायचे. ह्याचीच भीती वाटायला लागली. मी एका मेलेल्या माणसाला जिवंत ठेवलं होतं आणि सगळे म्हणत होते, ती म्हणते नाही, म्हणजे नसेल. इतरांचं मी लिहिलं की ते निदान मनातून निघून जायचे. हा जातच नव्हता. नळ वाहत राहिला तरी वाटायचं की आत तोच तोंड धूत आहे.

एके दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन वाजला.

"येरुहामच्या बातमी सांगणाऱ्यांची पोरगी ना तू?"

आवाज ओळखला. "हो मावशी. कशा आहात?"

"मी बरी आहे. माझा धाकटा कुठाय?"

मागे मुलांचा गोंगाट चालला होता. मी दार लावलं.

"घरात सगळे बोलतात ग्रीसला गेलाय," मावशी म्हणाल्या. "शब्बाथच्या आधी फोन केल्याबिगर राहायचा नाही तो. ग्रीसला काय फोन नाहीत? नातीला विचारते तर ती रडायला बघते. मग मी म्हटलं, ब्लॉगात तर नाही आलं. ती लिहिल्याशिवाय राहणार नाही, तिच्या बापाची पोरगी आहे ती. तुझ्यावर भरवसा ठेवून बसलेय मी इतके दिवस. आता तू सांग."

मी म्हटलं, "मावशी, मी उद्या येते तुमच्याकडे."

त्या म्हणाल्या, "तुझे पप्पा पण फोनवर काही बोलायचे नाहीत. ये," आणि ठेवला.

सकाळची बस घेतली. रहात गावापासून पुढे सगळं पिवळं, कापणी झालेलं. वाटेत थोरल्याला फोन करून सांगितलं की मी जाते आहे आणि विचारलं तर खोटं बोलणार नाही. तो ओरडला. म्हणाला, मी कामावरून निघतो, मी येईपर्यंत एक शब्द काढू नकोस. मी थांबायला हवं होतं का? मला अजून माहीत नाही. दार सुनेने उघडलं. हिब्रूतून हळू आवाजात म्हणाली, "नमस्कार कर आणि जा. मी हात जोडते." आत स्वयंपाकघरात मावशी वाल सोलत बसल्या होत्या, बिरड्यासाठी. भिजून मोड आलेला एकेक दाणा चिमटीत धरून साल काढत होत्या. अश्दोदच्या इंडियन दुकानातून आणतात म्हणे, सून नंतर कधीतरी म्हणाली.

"बस," मावशी म्हणाल्या.

"नको मावशी."

त्यांची चिमूट थांबली. पण त्यांनी हातातला दाणा आधी सोलला, पातेल्यात टाकला, मग वर बघितलं. मी म्हटलं, "तुमचा धाकटा वारला. एलातला. हृदय बंद पडलं. बायको जवळ होती, थोरले पोचले होते. एलातच्या कबरस्तानात आहे." माझ्या तोंडून ते तुमच्या आवाजात आलं, पप्पा, तसंच सपाट, आणि मला माझीच भीती वाटली. सुनेने माझा दंड धरला होता. मी तिला म्हटलं, पाणी दे त्यांना. तिने दिलं. मावशींनी ग्लास घेतला नाही.

"किती दिवस झाले?"

मी सांगितलं.

"तीस नाही ना झाले?"

"नाही. अजून आहेत थोडे."

"मग मला सात दिवस मिळतील," मावशी म्हणाल्या.

मला कळायला एक क्षण लागला. मूल गेल्याचं महिन्याच्या आत कळलं तर आई सात दिवस बसते. उशिरा कळलं तर एक तास. एक तास बसायचं, उठायचं, आणि स्वयंपाकाला लागायचं. त्या बाई घरात कोणालाच न सांगता, मनातल्या मनात, दिवस मोजत होत्या. मुलगा गेलाय हे त्यांना केव्हाच कळलं होतं. कोणी तरी सांगितल्याशिवाय त्यांना रडता येत नव्हतं, एवढंच. त्यांनी झग्याच्या गळ्याला हात घातला आणि तो फाडला. कापड जुनं होतं, लगेच फाटलं. मग त्या खुर्चीवरून जमिनीवर उतरल्या. सून उभी राहून बघत होती, आणि मग तीही रडायला लागली, माझा दंड धरूनच. आतून नात आली, सैन्यातून सुट्टीवर आली होती. काही विचारलं नाही. एक चादर आणली आणि सुतकात झाकतात तशी बाहेरच्या आरशावर टाकली.

थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "आता लिही. लोक कसे येणार?"

मी त्यांच्याच घरात, नातीच्या कॉम्प्युटरवर लिहिलं. तो एलातला कधी वारला ते, आणि आजपासून त्याची आई बसली आहे तेही. तिच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटेना म्हणून हिब्रूतच. पहिल्यांदाच असं झालं की लिहिताना पाठीमागे दारात कोणी उभं आहे असं वाटलं नाही. आणि मग खरंच कोणी उभं होतं. थोरला पोचला होता. त्याने आईकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि मला विचारलं, "तुला अधिकार कोणी दिला?"

हिब्रूत विचारलं. मी उत्तर शोधलं. तुमच्या आईने फोन केला, असं म्हणता आलं असतं. लोक मला विचारतात, असंही. माझे पप्पा, हेही. एकही बाहेर आलं नाही. तुम्हाला कधी कोणी हे विचारलं होतं का? कारखान्याने दिला नव्हता, मशिदीने दिला नव्हता. तुम्ही चालत जायचात म्हणून होता. मी एक दिवस बसने गेले होते. तेवढ्यावर काय सांगणार? मी पर्स उचलली आणि निघाले. लोक मात्र आले. दिमोनाहून, येरुहामहून, एक जण मित्स्पे रामोनहून दोन बस बदलून आला. सातही दिवस घर भरलेलं होतं, असं नातीने नंतर कळवलं.

मावशी पुढच्या हिवाळ्यात गेल्या. हृदयानेच. डॉक्टर खरा ठरला की त्या एरवीही गेल्या असत्या, हे मला कोण सांगणार? घरातल्या कोणी तरी माझ्या त्या जुन्या लिखाणाखाली एक ओळ टाकली: ह्या बाईने आमच्या आईला मारलं. मी बाकी सगळं पुसलं होतं, ते नाही पुसलं. अजून आहे. रोज ब्लॉग उघडते तेव्हा तिथवर खाली जात नाही, पण ते कुठे आहे ते माहीत असतं. मावशींची बातमी मी टाकली नाही, कारण घरच्यांपैकी कोणी मला सांगितलं नव्हतं. मला लेवियाचं दुसऱ्याकडून कळलं. गेले, मागे बायकांत उभी राहिले. फार थोडे लोक होते. फाटकातून बाहेर पडताना थोरला माझ्यासमोर थांबला. दाढी वाढलेली, शर्टाचा गळा फाडलेला. मला वाटलं आता बोलेल, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "तू लिहिलं नाहीस. बघ, कोणी आलं नाही."

"तुम्ही सांगितलं नाही मला."

तो आईच्या कबरीच्या दिशेने बघत राहिला. मग मराठीत, शाळेतल्या मुलासारखं एकेक शब्द जोडत म्हणाला, "आई वारली. आज सकाळी. मी होतो जवळ." आणि गेला.

मी त्या दिवशी लिहिलं. त्यानंतर नियमच केला की घरी जाऊन आल्याशिवाय लिहायचं नाही. त्यामुळे उशीर होतो. लोक कुरकुर करतात, आता दुसरेही लिहिणारे आहेत, ते आधी टाकतात. सिनेगॉगमध्ये जागा अजून करून देतात, पण पूर्वीसारखी लगबगीने नाही. तुम्ही पाठीमागे येऊन उभे राहता, अधूनमधून. थोरल्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कधी तरी द्याल म्हणून मी थोडं थांबते, मग बटण दाबते.

हे मी ब्लॉगच्या चौकटीतच लिहिलं, कारण मराठी अक्षरं तिथेच नीट उमटतात. ते कुठेही टाकणार नाही, वाचून झालं की पुसेन. एकच गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, नवऱ्याला नाही, मुलीला नाही. फोन वाजतो, पलीकडून कोणी रडत सांगतं की अमके गेले, आणि मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण त्याच्या आधी, अगदी पापणी लवेल इतकाच वेळ, मला बरं वाटतं. की मला सगळ्यांच्या आधी कळलं.